तुपाचा थेंब आणि खानेसुमारी

‘ट्रान्झॅक्शन्स ऑफ द लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’चा १८२३ सालचा तिसरा खंड मागवून पाहावा. एकाच पुठ्ठ्यात वेरूळच्या लेण्यांचं वर्णन आहे आणि पुण्याजवळच्या लोणी गावची हकिकतही. वेरूळवर लिहिणारा कॅप्टन साइक्स लष्करातला माणूस. पुढे तोच मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर फिरला. त्याने इथल्या पक्ष्यांच्या याद्या केल्या, वायुभारमापक घेऊन हवेचा दाब मोजला आणि जमीनधारणेच्या पद्धतीही लिहून ठेवल्या. लोणीवर लिहिणारा थॉमस कोट्स हा डॉक्टर. दख्खनमध्ये देवीची लस टोचायचं काम त्याच्याकडे होतं, त्यामुळे त्याची नजर कुणब्याच्या घरात, चुलीपर्यंत पोचलेली.

हा खंड विज्ञानाचा म्हणायचा की समाजाच्या इतिहासाचा? मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंग्रहात शिरणाऱ्याने हा प्रश्नच सोडून द्यावा. तिथलं एकोणिसाव्या शतकातलं साहित्य ज्यांनी लिहिलं त्यांना अशी वाटणी माहीत नव्हती. आज आपण सूचीत फक्त आपल्या विषयाचा शब्द शोधतो आणि निम्मा माल कपाटातच राहतो.

संस्था २६ नोव्हेंबर १८०४ ला परळला सर जेम्स मॅकिंटॉशच्या पुढाकाराने सुरू झाली, तेव्हा तिचं नाव लिटररी सोसायटी होतं. पुढे ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. १८७३ साली बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी तिच्यात विलीन झाली. संग्रहात समुद्रप्रवास, नकाशे, भूगोल असा माल मोठ्या प्रमाणावर आहे, त्याचं मूळ या विलीनीकरणात सापडतं. नाव १९५५ ला बदललं आणि २००२ मध्ये पुन्हा. जुन्या पुस्तकांतल्या तळटीपांत ‘बीबीआरएएस’ (बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी) दिसलं की ती हीच संस्था समजावी.

माणसंही तशीच होती. डॉ. भाऊ दाजी लाड पेशाने वैद्य. महारोगावर औषध शोधत होते, आणि संस्थेच्या नियतकालिकात अजिंठ्याच्या शिलालेखांवर लिहीत होते. त्यांचा हस्तलिखितांचा संग्रह इथे आहे. डॉ. जर्सन द कुन्हा मूळचे गोव्याचे, तेही डॉक्टर. नाण्यांचे मोठे जाणकार, आणि मुंबईच्या जन्मकथेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०० साली नियतकालिकाचा जादा अंक म्हणून निघाला. अशा लेखकाचं नाव हाती लागलं की त्याच्या नावावरचं सगळं मागवावं, विषय कोणताही असो. विषयाने शोधणं हा दुसरा मार्ग, नावाने शोधणं हा पहिला.

पण नावाने शोधायचं म्हणजे स्पेलिंगशी गाठ आहे. ‘ज्ञान’ हा शब्द रोमन लिपीत डीएनवाय, जेएन, जीएनवाय असा तीन-चार तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे १८५० साली सुरू झालेलं मासिक किंवा पुण्याचं ‘ज्ञानप्रकाश’ एका स्पेलिंगला सापडलं नाही, म्हणून संग्रहात नाही असं ठरवू नये. बाळशास्त्री जांभेकर आडनावाखाली सापडले नाहीत तर ‘बाळ गंगाधर शास्त्री’ या नावाखाली पाहावं. त्या काळच्या इंग्रजी कागदांत आडनाव बरेचदा नसतंच. ठाण्याचं टॅना, पुण्याचं पूना, वसईचं बसीन हे ठाऊक असतं, पण खरा खड्डा आहे तो कुलाबा. कुलाबा वेधशाळा मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला, आणि कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. त्यातून विजेच्या ट्रामचा चुंबकीय निरीक्षणांवर परिणाम होणार म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून अलिबागला नेली, आणि अलिबाग तर कुलाबा जिल्ह्याचंच मुख्य ठिकाण! ‘कुलाब्याचे पावसाचे आकडे’ असं टाचण करणाऱ्याने ते बेटाचे की जिल्ह्याचे, हे त्याच ओळीत लिहून ठेवावं. दोन महिन्यांनी आठवत नाही.

चुंबकीय मोजणीच्या त्या बदलात एक गोष्ट फार शहाणपणाची झाली. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणून जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येते. जिथे अशी जोड नसते, तिथे ती आपल्याला करावी लागते. खानदेशाचे आकडे १९०६ पर्यंत एक जिल्हा म्हणून येतात, नंतर पूर्व आणि पश्चिम असे दोन. शंभर वर्षांचा आलेख काढताना मध्येच निम्मी लोकसंख्या ‘नाहीशी’ होते ती अशी. सरकारी वर्षाचंही तेच. आधी ते मे ते एप्रिल असं होतं, मग एप्रिल ते मार्च झालं, आणि या बदलात १८६६-६७ चं हिशेबी वर्ष ११ महिन्यांचंच भरलं. त्या वर्षी महसूल, दारूचं उत्पन्न, टपालाची आवक सगळंच किंचित घटलेलं दिसतं. त्याला दुष्काळाचं किंवा मंदीचं कारण चिकटवण्याआधी बारावा महिना मोजावा.

मापांवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथली चूक टक्क्यांत नाही तर पटीत होते. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलो. रेल्वेच्या आणि बंगाली कागदांतला मण ८२ पौंड आणि वर दोन सप्तमांश, म्हणजे ३७.३ किलो. जवळपास तिप्पट. पुस्तक मुंबईत छापलंय म्हणून मण मुंबईचाच, असं धरता येत नाही. रेल्वेने आलेल्या धान्याचा तक्ता असेल तर मण रेल्वेचा असण्याचाच संभव जास्त. खंडीचं त्याहून अवघड. २० मणांची खंडी ५६० पौंडांची, पण कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५.६ किलो. कापूसबाजारात आजही भाव याच खंडीवर बोलले जातात. १०० खंडी कापूस चुकीच्या खंडीने मोजला तर ३५,५६० किलोंचे २५,४०० किलो होतात. तक्त्याच्या डोक्यावर माप दिलेलं नसेल तर अहवालाची प्रस्तावना आणि शेवटची परिशिष्टं चाळावीत, तिथे एखाद्या तळटीपेत ते बहुधा सापडतं. नसेल तर त्याच तक्त्यातला भाव आणि एकूण किंमत घेऊन उलटा हिशेब करावा, खंडी कोणती ते कळतं.

घड्याळाचं माप तर कोणी तपासतच नाही. १९०५ च्या आधी मुंबई शहराचं घड्याळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे आणि रेल्वेचं घड्याळ मद्रास वेळेवर, ५ तास २१ मिनिटं पुढे. म्हणजे स्टेशनावर आणि रस्त्यावर अर्ध्या तासाचा फरक. १ जानेवारी १९०६ पासून सरकारी घड्याळ ५ तास ३० मिनिटं पुढे झालं, पण मुंबई महापालिकेने आपली ३९ मिनिटं मागची ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. भूकंपाचा धक्का, वादळाचा तडाखा, आगीची वर्दी अशा मिनिटाला महत्त्व असलेल्या नोंदी दोन कागदांवरून ताडून पाहायच्या तर आधी घड्याळं जुळवावीत. आणि पाऊस इंच व ‘सेंट’ यांत दिलेला असला तर सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, पाव मिलिमीटरहून थोडा जास्त.

खानेसुमारीचे, म्हणजे जनगणनेचे खंड सगळ्यात जास्त मागवले जातात, आणि सगळ्यात कमी काळजीने वाचले जातात. मुंबई शहराची लोकसंख्या १८६४ च्या मोजणीत ८,१६,५६२. आठ वर्षांनी, १८७२ ला, ६,४४,४०५. हे आकडे नुसते शेजारी मांडले तर पावणेदोन लाख माणसं कुठे गेली, असा प्रश्न पडतो. १८६४ ला अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस बंद, मुंबईत पैसा आणि माणसं दोन्ही लोटलेली. युद्ध १८६५ ला संपलं आणि सट्टा कोसळला. शिवाय ती पहिलीच मोठी मोजणी, तिच्या नेमकेपणाबद्दल शंका पुढच्या अधिकाऱ्यांनीच घेतलेली आहे. त्यामुळे १८६४ हा आकडा वाढीच्या आलेखातला साधा बिंदू म्हणून वापरू नये. तो तेजीच्या एका वर्षाचं चित्र आहे.

१८९१ ला ८,२१,७६४ आणि १९०१ ला ७,७६,००६. इथे घट खरी आहे, पण तीही पूर्ण खरी नाही. १९०१ ची मोजणी १ मार्चला झाली. फेब्रुवारी-मार्च म्हणजे त्या वर्षांतला मुंबईच्या प्लेगचा भर हंगाम. लोक कोकणात, घाटावर, गुजरातेत निघून गेलेले. १९०६ ला पालिकेने वेगळी मोजणी केली तेव्हा आकडा निघाला ९,७७,८२२. पाच वर्षांत दोन लाख माणसं जन्मली नाहीत, बरीचशी परत आली. हिशेबावर याचा परिणाम किती होतो पाहा. समजा एखाद्या वर्षी २०,००० मृत्यू झाले. १९०१ च्या लोकसंख्येवर दर हजारी २५.८, १९०६ च्या लोकसंख्येवर २०.५. मृत्यू तेवढेच, शहर एकदम ‘निरोगी’. म्हणून प्लेगच्या वर्षांतला कोणताही दर उचलताना भाजक कोणत्या सालचा, हे आधी शोधावं.

आता प्लेगकडेच वळतो, कारण या संग्रहाची खरी ताकद तिथे दिसते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. ६ ऑक्टोबरला पालिका आयुक्त स्नो यांनी घरात शिरण्याचे आणि रोग्याला सक्तीने हलवण्याचे अधिकार घेतले. २९ ऑक्टोबरला आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. स्नो यांचा अहवाल, प्लेग समितीचे प्रमुख गेटेकर यांचा अहवाल, नेथन यांचे भारतभराच्या प्लेगवरचे खंड, कॅप्टन काँडन यांचा मुंबई इलाख्याचा इतिहास, आणि नंतर प्लेग कमिशनच्या साक्षींचे खंड, अशी ही रांग आहे. शोध घेणारे बहुधा एकच अहवाल घेतात आणि त्यातले आकडे उतरवतात. तसं करू नये. स्नो पालिकेच्या बाजूने लिहितात, गेटेकर पालिकेकडून काम काढून घेतलेल्या समितीच्या बाजूने. दोघांच्या अहवालातला एकच आठवडा समोरासमोर ठेवला की काय कोणी झाकलं ते दिसायला लागतं.

मृत्यूंच्या तक्त्यात ‘प्लेग’ हा रकाना आहे, पण त्याच्या शेजारी ‘रेमिटंट फीव्हर’ (चढउतार होणारा ताप), ‘श्वसनाचे विकार’ असेही रकाने आहेत. प्लेग सांगितला तर घरातल्यांना सेग्रिगेशन कॅम्पात, म्हणजे वेगळं ठेवण्याच्या छावणीत जावं लागे, सामान जाळलं जाई, भिंती फोडून उजेड केला जाई. मग कोण सांगेल? मृत्यू तापाच्या रकान्यात जाई. यावर त्या काळच्या अधिकाऱ्यांनीच वापरलेली रीत अजूनही सगळ्यात भरवशाची आहे. प्लेगचा रकाना बाजूला ठेवायचा. त्या आठवड्यातले सर्व कारणांचे एकूण मृत्यू घ्यायचे आणि प्लेगच्या आधीच्या पाच वर्षांतल्या त्याच आठवड्याची सरासरी त्यातून वजा करायची. समजा एकूण १,२००, सरासरी ५५०; वाढावा ६५०. प्लेगच्या रकान्यात ४०० असतील तर २५० मृत्यू दुसऱ्या नावाने लिहिले गेलेत. आकडे इथे नुसता हिशेब दाखवायला घेतले आहेत. रीत मात्र कुठल्याही पेठेला, कुठल्याही वॉर्डाला लावता येते. एकच काळजी घ्यायची: पाच वर्षांत एखादं कॉलऱ्याचं किंवा देवीचं वर्ष आलं असेल तर ते वगळायचं, नाहीतर सरासरी फुगते आणि वाढावा लपतो. आणि लोक पळून गेलेल्या आठवड्यांत वाढावा खऱ्यापेक्षा कमीच दिसतो, कारण मरणारेही गावी जाऊन मेलेले असतात. त्यासाठी रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांचे त्याच महिन्यांचे तक्ते जोडीला घ्यावेत.

विज्ञानाच्या बाजूचे कागद वाचले नाहीत तर हे तक्ते अर्धेच कळतात. १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन मंडळाचे अहवाल ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये आले. परळला बांधलेल्या लहान खोल्यांत गिनीपिग ठेवून पिसवांमार्फतच रोग पसरतो हे त्यांनी दाखवलं. शहरात उंदरांच्या दोन जाती. गटारातला मोठा उंदीर आणि घरातला काळा उंदीर. साथ आधी गटारातल्या उंदरांत, मग साधारण १० दिवसांनी घरातल्या उंदरांत, आणि त्यानंतर १० ते १४ दिवसांनी माणसांत. हे कळलं की वॉर्डवार तक्त्यातला तीन आठवड्यांचा विलंब उलगडतो. हवेचं तापमान ८५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साडेएकोणतीस सेल्सियसच्या वर गेलं की साथ ओसरते, हे कळलं की कुलाबा वेधशाळेचे तापमानाचे तक्ते एकदम प्लेगच्या इतिहासाचे कागद होतात. १८९७ मध्ये मे-जूनला साथ उतरली ती आपल्या घरझडत्यांमुळे, असं अधिकाऱ्यांनी मोठ्या विश्वासाने लिहिलं आहे. वेधशाळेचा तक्ता शेजारी ठेवला की त्या विश्वासाला किती आधार होता ते वाचणाऱ्याने स्वतः ठरवावं.

आणि आता तूप. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. लस बनवायची रीत त्यांच्या लेखांत तपशिलाने आहे. चंबूत मांसाचा रस घ्यायचा, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या बाजूला धरतात आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळ्यांसारखे रसात खाली वाढत जातात. चंबू हलवला की सुळे तुटून तळाशी बसतात, थेंबाखाली पुन्हा नवे वाढतात. असं महिना-सव्वा महिना चालू ठेवायचं, मग तापवून जंतू मारायचे आणि कार्बोलिक ॲसिड घालायचं. चंबू हलवावा तर लागतो, पण वाढ चालू असताना नाही. थेंबाखालचे सुळे स्थिर चंबूतच तयार होतात. ते दिसणं हीच जंतू प्लेगचेच असल्याची खूण. परका जंतू शिरला तर असे सुळे धरत नाहीत.

तूप हा प्रयोगशाळेतला पदार्थ आणि घरातलाही. लशीत काय घातलंय यावर बाहेर जे बोललं गेलं, ते समाजाच्या इतिहासाच्या कपाटात आहे. त्यासाठी देशी वर्तमानपत्रांवरचे साप्ताहिक सरकारी गोषवारे पाहावेत. १८६८ पासूनचे हे गोषवारे मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, एशियाटिकपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सरकारच्या भाषांतर खात्याने इलाख्यातली पत्रं वाचून निवडक मजकुराचा इंग्रजी सारांश केलेला. त्याच्या सुरुवातीच्या यादीत प्रत्येक पत्राचं गाव, भाषा, संपादकाचं नाव, जात, वय आणि खप दिलेला असतो. नुसती ही यादी वर्षावर वर्ष लावली तरी एक अभ्यास होतो. पण हे गोषवारे सरकारला काय ऐकायचं होतं त्याची निवड आहेत. जाहिराती, वाचकांची पत्रं, टोमणे त्यांत गळतात किंवा बोथट होतात. म्हणून गोषवाऱ्यात सापडलेली तारीख घेऊन मूळ ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुधारक’, ‘दीनबंधु’ यांचा तो अंक गाठावा. मूळ मराठी आणि सरकारी सारांश यांतला फरक हाच कित्येकदा सापडलेला सगळ्यात मोलाचा कागद ठरतो. पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत बायकांचं काय झालं हे पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून मांडलं, ते तर इंग्रजीतच आहे आणि कुठल्याही आरोग्य अहवालाच्या जोडीला ठेवावं असं आहे. त्याच साथीत १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. तक्त्यांत नावं नसतात, हे वाचताना विसरू नये.

नावं हवी असतील तर ती अनपेक्षित जागी आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांच्या शेवटी किंवा सुरुवातीला आश्रयदात्यांची यादी असते: नाव, गाव, हुद्दा, किती प्रती. रसायनशास्त्राचं किंवा वैद्यकाचं मराठी पुस्तक कोणत्या गावातल्या मामलेदाराने, शाळामास्तराने, सावकाराने घेतलं हे त्यावरून कळतं. १८६७ च्या कायद्यानंतर इलाख्यात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची त्रैमासिक यादी सरकार काढत असे, तीत छापखाना, किंमत आणि किती प्रती काढल्या हेही आहे. दोन्ही जोडले की १,००० प्रतींपैकी किती आधीच विकल्या गेल्या होत्या याचा अंदाज बांधता येतो. मासिकांच्या बाबतीत एक नुकसान भरून न येणारं आहे. जुन्या बांधणावळींत अंकांची रंगीत वेष्टनं काढून टाकत, आणि महिना, वर्गणी, जाहिराती, पोच सगळं वेष्टनावरच असे. बांधीव खंडात अंकाची तारीख सापडत नसेल तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी. सुटे अंक कुठे मिळाले तर तेच मागावेत.

मागवण्याआधी काही गोष्टी. एशियाटिक टाउन हॉलच्या इमारतीत आहे, आणि त्याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. संस्था दोन, सूची दोन. एका खिडकीवर ‘नाही’ ऐकलं तर दुसरीकडे विचारावं. एशियाटिकच्या दुर्मीळ ग्रंथांचा बराच भाग ‘ग्रंथ संजीवनी’ या संकेतस्थळावर आलेला आहे, आधी तिथे पाहून मगच मूळ प्रत मागवावी. कागदाला जेवढा कमी हात लागेल तेवढं बरं. मूळ प्रत हवीच असते ती तीन कारणांसाठी: घडीचे नकाशे, समासातले शेरे, आणि चित्रांच्या कडा. स्कॅन करताना नेमकं हेच सुटतं.

१८३०-४० चा चिंध्यांपासून केलेला कागद आजही लवचीक असतो. बिघडलेला असतो तो त्याच्या ५० वर्षांनंतरचा, लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असतं, कडा तांबूस होऊन पापडासारखी तुटते. म्हणजे प्लेगचे अहवाल लोणीच्या हकिकतीपेक्षा ७५ वर्षांनी तरुण आणि कितीतरी नाजूक. पान वरच्या कोपऱ्याला धरून उलटू नये, बाहेरच्या कडेखाली पूर्ण पंजा सरकवून उलटावं. बोटाला थुंकी लावणं तर नाहीच. कातडी बांधणीची तपकिरी भुकटी हाताला लागली तर पुढच्या पानाला हात लावण्याआधी ती कोरड्या कापडाने पुसावी, भिजवू नये. हातमोज्यांची गरज फोटोंना. कागदाला धुतलेले कोरडे हातच बरे, मोज्यातून कडेचा अंदाज येत नाही. पावसाळ्यात चित्रांची गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटलेली सापडतात. ती ओढून सोडवायला जाऊ नये, चित्राची शाई समोरच्या पानावर निघून येते. खंड तसाच परत करून ग्रंथपालांना दाखवावं.

नकाशा शेवटी उघडावा, सगळी टिपणं झाल्यावर. गेटेकरांच्या किंवा काँडनच्या खंडातला घडीचा नकाशा पुठ्ठ्याच्या आतल्या कडेला चिकटवलेला असतो आणि फाटतो तो नेहमी पहिल्या घडीच्या खालच्या टोकाला, कारण सगळं ओझं तिथे येतं. खंड दोन उश्यांवर किंवा गुंडाळलेल्या कापडावर निम्माच उघडा ठेवावा, शेजारी त्याच उंचीची दुसरी पुस्तकं रचावीत म्हणजे उघडलेला नकाशा अधांतरी लोंबणार नाही. घडी ज्या क्रमाने घातली त्याच्या उलट क्रमाने उलगडावी. फोटो काढताना एका कडेला मोजपट्टी ठेवावी आणि पहिला फोटो पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा घ्यावा, नाहीतर घरी गेल्यावर हा नकाशा कुठल्या अहवालातला आणि त्यावरचा एक इंच म्हणजे किती, हे दोन्ही सांगता येत नाही. बंद करताना जुन्याच घड्या धराव्यात. नवी घडी पडली तर पुढच्या वेळी नकाशा तिथेच तुटेल.